तालुक्याच्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी दुर्मीळ मज्जा-स्नायू विकारांचं प्रशिक्षण कसं भरवायचं?

"आमच्या भागातल्या डॉक्टरांना हा आजार माहीतच नाही," ही तक्रार पालकांच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येते. ती बरीचशी खरी असते. पण तक्रार करून झाल्यावर "मग आपणच त्यांना शिकवू या" असं म्हणणारा कोणीतरी उठतो. हा लेख त्या उठणाऱ्यासाठी आहे. तुम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणारे फिजिओथेरपिस्ट असाल, बालरोगतज्ज्ञ असाल, शिकून गावाकडे परतलेले न्यूरोलॉजिस्ट असाल किंवा पालक-गटातले कार्यकर्ते असाल, तर खालच्या पायऱ्या तुमच्या कामाच्या आहेत. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे. अशा प्रशिक्षणांत आधी सतरंज्या उचलायला होतो, नंतर ती भरवू लागलो.

एक गोष्ट पक्की धरून चाला. प्रशिक्षणाला आलेल्या माणसाला घरी जाताना आजाराचं नाव आठवलं नाही तरी बिघडत नाही. त्याला तीन गोष्टी यायला हव्यात: काय दिसलं की थांबून नीट पाहायचं, काय अजिबात करायचं नाही, आणि पुढे नेमकं कुठे पाठवायचं. कार्यक्रमातलं जे या तिन्हींपैकी कशाच्याही उपयोगाचं नाही, ते बेधडक कापा.

१. आजार तीनच निवडा

जगात दुर्मीळ आजार सात हजारांच्या आसपास मोजले जातात आणि त्यांतल्या पुष्कळांत मेंदू, मज्जातंतू किंवा स्नायू सापडतात. सगळे शिकवायला गेलात तर एकही शिकवला जाणार नाही. माझी निवड ठरलेली आहे.

पहिला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे डीएमडी. यात मुलाचे स्नायू हळूहळू झिजत जातात. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो, त्यामुळे प्रत्येक तालुक्यात मुलं सापडतातच. तो डोळ्यांनी ओळखता येतो, तरीही ओळखला जात नाही.

दुसरा मायस्थेनिया ग्रॅव्हिस. यात वापरले की स्नायू लवकर थकतात: पापण्या मिटतात, कधी श्वासही कमी पडतो. यात आजारापेक्षा चुकीच्या इंजेक्शनने होणारं नुकसान मोठं ठरू शकतं, म्हणून "काय करायचं नाही" शिकवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

तिसरा विल्सनचा आजार. शरीरात तांबं साठत जातं. शाळकरी मुलाचं अक्षर बिघडतं, लाळ गळते, बोलणं अडखळतं, स्वभाव बदलतो. घरचे देवऋषीकडे नेतात, डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. पण याला पेनिसिलामाइन, झिंक अशी गोळ्यांची औषधं आहेत आणि वेळेत सुरू झाली तर मूल सावरतं. "दुर्मीळ म्हणजे उपाय नसलेला" हा समज मोडायला हा आजार लागतो.

पुणे भागात असाल तर गियाँ-बारे सिंड्रोमने, म्हणजे मज्जातंतूंना इजा होऊन अचानक लुळेपणा आणणाऱ्या आजाराने, सुरुवात करा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात त्याचे रुग्ण एकदम वाढले तेव्हा 'जीबीएस' हा शब्द रिक्षावाल्यांच्याही तोंडी होता. लोकांना आधीच उत्सुकता असलेल्या जागेतून आत शिरणं सोपं जातं.

२. कोणाला काय हवंय, ते आधी वेगळं करा

सगळ्यांना एकाच सभागृहात बसवून न्यूरोलॉजिस्टचं दीड तासाचं भाषण ठेवणं, हा सर्वांत नेहमीचा सापळा आहे. आशाताईंना जनुकाचा नकाशा नको असतो आणि भूलतज्ज्ञाला मूल चवड्यावर चालतं हे सांगून उपयोग नसतो.

आशाताई आणि अंगणवाडी सेविका रोज मुलं पाहतात. त्यांना चाल, उठणं-बसणं आणि "दीड वर्षाचा झाला तरी चालत नाही" एवढंच शिकवा, पण पक्कं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं, म्हणजे आरबीएसकेचे डॉक्टर, अंगणवाड्या आणि शाळा तपासत फिरतात. त्यांना तपासणीची कृती आणि पाठवणीची चिठ्ठी शिकवा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एमओंना, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्यांना, कोणती रक्ततपासणी सांगायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा ते. सिस्टरांना औषधाची वेळ, श्वासाची देखरेख आणि रुग्णाला उचलणं. फिजिओथेरपिस्टना व्यायामातलं काय टाळायचं. भूलतज्ज्ञ आणि हाडांचे डॉक्टर यांना वेगळा एक तास, शक्यतो संध्याकाळी त्यांच्या संघटनेच्या बैठकीत. दिवसाच्या कार्यक्रमाला ते येत नाहीत, आणि ओपीडी टाकून त्यांनी यावं ही अपेक्षाही बरोबर नाही.

एक गट बहुतेक वेळा राहून जातो: दिव्यांग प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळातले डॉक्टर. त्यांना बोलवाच.

३. परवानगी आणि तारीख

प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असतात. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. दोन्हीकडचे लोक हवे असतील तर दोन पत्रं, दोन्हींच्या पोचपावत्या, आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना प्रत. एकाच कार्यालयाला पत्र देऊन गप्प बसलात तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील.

तारीख ठरवताना पल्स पोलिओ, कुष्ठरुग्ण शोध मोहीम आणि मार्चअखेर टाळा. आशाताईंसाठी त्यांच्या मासिक बैठकीचाच दिवस धरा. त्यांचं उत्पन्न बहुतांशी कामाच्या मोबदल्यावर असतं. फुकट दिवस घालवायला लावून वर "समाजसेवा म्हणून या" म्हणू नका. प्रवासखर्च आणि जेवण ठेवा. डॉक्टरांसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट मिळतील अशी सोय आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या शाखेमार्फत करता आली तर उपस्थिती लगेच सुधारते.

४. जमवायचं सामान आणि कागद

सामान फार लागत नाही, पण आदल्या दिवशी एका जागी असू द्या:

- सतरंजी किंवा जाड चटई, स्टॉपवॉच किंवा मोबाइल, मोजपट्टी
- रिफ्लेक्सची हातोडी, पल्स ऑक्सिमीटर, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी)
- बर्फाच्या पिशव्या
- साधी व्हीलचेअर आणि पायाचे रात्री घालायचे एएफओ स्प्लिंट
- नाव-गाव खोडलेले खरे लॅब रिपोर्ट, प्रत्येक टेबलाला एक संच
- पाठवणीच्या चिठ्ठीचा नमुना, मराठीत आणि इंग्रजीत
- 'हे करू नका' तक्ता, भिंतीवर लावण्याइतका मोठा
- रुग्णाने खिशात ठेवायच्या आपत्कालीन कार्डाचा नमुना
- रुग्ण-पालकांचं संमतीपत्र, हजेरीपट आणि दोन्ही कार्यालयांच्या परवानगीपत्रांच्या प्रती

प्रोजेक्टर असला तर ठीक. वीज गेली आणि कार्यक्रम थांबला, असं होणार असेल तर तुमची आखणीच चुकली आहे.

५. रुग्ण आणि पालक शिक्षक म्हणून येतील, नमुना म्हणून नव्हे

ही पायरी गाळून प्रशिक्षण होतं, पण ते कोणाच्या लक्षात राहत नाही. 'आई सांगतेय' हे वजन कुठल्याच स्लाइडला नाही. मात्र नीट न केल्यास इथे माणसं दुखावतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डॉक्टर वक्त्याला मानधन आणि पालकाला शाल-श्रीफळ, हे करू नका. दोघंही शिकवायलाच आलेले असतात. रोजंदारी बुडवून आलेल्या बापाला तर पैसे आधी द्या.

जागा स्वतः जाऊन पाहा. पहिल्या मजल्यावरचं सभागृह, लिफ्ट नाही, आणि चौघांनी उचलून आणलेला व्हीलचेअरवरचा तरुण: आरोग्य कर्मचाऱ्यांसमोर याहून वाईट सुरुवात नसेल. व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह आहे का, हेही त्याच वेळी बघा. नसेल तर जागा बदला. अशी मुलं कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे आपल्याला कोणी सांगत नाही.

पालकांशी आदल्या आठवड्यात बोला. तीन प्रश्न पुरतात: पहिल्यांदा काय वेगळं वाटलं? निदान होईपर्यंत कोणाकोणाकडे गेलात? आणि कोणाचं कोणतं वागणं उपयोगी पडलं? तिसरा प्रश्न विसरू नका, नाहीतर सगळं सत्र आरोपांचं होतं आणि समोरचे हात बांधून बसतात. डॉक्टरांची आणि दवाखान्यांची नावं घ्यायची नाहीत, हेही आधीच ठरवा.

मुलाला वर्गासमोर कपडे काढायला लावायचे नाहीत. हाफ पँटमध्ये पोटऱ्या आणि उठणं दिसतं, तेवढं पुरे. त्याला स्वतःला विचारा, "सगळ्यांना दाखवशील का?" नाही म्हणाला तर आधीच काढलेला, संमती घेतलेला व्हिडिओ वापरा. आजार पुढे कसा जातो, आयुष्य किती, यातलं काहीही मूल खोलीत असताना बोलायचं नाही. हे प्रशिक्षणार्थींना सुरुवातीलाच बजावा, कारण हात वर करून नेमका तोच प्रश्न विचारणारा एकजण प्रत्येक बॅचमध्ये असतो. मोबाइलवर फोटो नाहीत. "ग्रुपवर टाकतो, बाकीच्यांनाही कळेल" हा उत्साह तिथल्या तिथे थांबवा.

६. दिवसाची आखणी

दीपप्रज्वलन आणि सत्कार दहा मिनिटांत आटपा. पाहुण्यांची भाषणं शेवटी ठेवली की निम्मी आपोआप कमी होतात.

*आधी चाचणी.* तीन छोट्या गोष्टी लिहून द्या. पाच वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, रक्तात एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतलं एन्झाइम) वाढलेलं आहे, काय कराल? तीस वर्षांच्या बाईची पापणी संध्याकाळी मिटते, सकाळी ठीक असते, काय कराल? आठवीतल्या मुलाचं अक्षर बिघडलंय, लाळ गळते, काय कराल? उत्तरपत्रिका जपून ठेवा, शेवटी लागतील.

*माहीत असलेल्यापासून सुरू करा.* समोर बसलेल्या प्रत्येकाला एएफपी, म्हणजे अचानक आलेल्या लुळेपणाची नोंद, माहीत असतं. पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला की कळवायचं, चौदा दिवसांच्या आत चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे, ही पद्धत पोलिओच्या काळापासून अंगवळणी पडलेली आहे. तिथूनच म्हणा: "अचानक येणारा लुळेपणा तुम्ही सोडत नाही. आता हळूहळू येणारा पाहू या." एका वाक्यात वर्ग तुमच्या बाजूला येतो.

*जमिनीवरून उठणं.* हे सत्र कमी करू नका. मुलाला सतरंजीवर उताणं झोपवायचं आणि "ऊठ" म्हणायचं. डीएमडीचं मूल आधी पालथं वळतं, हात-पाय टेकतं, मग हात गुडघ्यांवर, मांड्यांवर रोवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उभं राहतं. याला गॉवर्सचं चिन्ह म्हणतात. प्रत्येक प्रशिक्षणार्थीला स्वतः सतरंजीवर झोपून तसं उठायला लावा. हसाहशी होते, होऊ द्या. जे अंगाने केलं ते अंगणवाडीत दिसल्याबरोबर ओळखता येतं. सोबत तीन गोष्टी जोडा: चवड्यावर चालणं, जिना चढताना कठड्याला लोंबकळणं, आणि भरदार पोटऱ्या. पोटऱ्यांचं जरा ठासून सांगा, कारण घरच्यांना त्या तब्येतीची खूण वाटतात. "पाय बघा किती मजबूत आहेत, आळशी आहे नुसता," हे वाक्य ज्या घरात ऐकू येईल, तिथे मुलाला सतरंजीवर झोपवून बघा.

*लॅब रिपोर्ट.* एमओंसाठी सगळ्यांत मोलाचा अर्धा तास हाच. एसजीओटी आणि एसजीपीटी फक्त यकृतातून येत नाहीत, स्नायूंतूनही येतात. डीएमडीत दोन्ही वाढलेली दिसतात, मग मुलाला काविळीची औषधं, पथ्य, सोनोग्राफी, पुढे पोटाच्या तज्ज्ञाकडे, आणि काही वेळा यकृताच्या बायोप्सीपर्यंत गाडी जाते. नियम साधा द्या: मुलग्याची ही दोन एन्झाइम्स वाढलेली असतील आणि कावीळ नसेल, तर सीपीके, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणाऱ्या एन्झाइमची तपासणी, करा. डीएमडीत ते नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पट, हजारांत येतं. जीजीटी हे यकृताचं एन्झाइम सहसा नॉर्मल असतं, तेही मदतीला धरा. सीपीके वाढलेलं आलं की पुढची पायरी जनुकीय चाचणी. स्नायूचा तुकडा आता आधी काढत नाहीत.

*जेवणानंतर उचलणं.* दुपारी दोनला कोणी भाषण ऐकत नाही, म्हणून हातापायांचं काम तेव्हा ठेवा. या मुलांना काखेत हात घालून उचलायचं नाही. खांद्याचे स्नायू कमजोर असल्याने मूल हातांतून खाली निसटतं. एक हात पाठीमागून, दुसरा मांड्यांखालून. दोघं असाल तर मोजून एकदम. जोड्या पाडून सगळ्यांकडून करून घ्या.

फिजिओथेरपिस्टना याच वेळी वेगळं बसवा. डीएमडीत उठाबशा, वजनं, जिने चढ-उतार यांनी ताकद येत नाही, स्नायू आणखी तुटतो. घोट्याचं आणि मांडीमागचं ताणणं रोज, एएफओ रात्री, पोहणं चालेल तेवढं. चालतं मूल दिवसा एएफओ घालून चालवू नये. त्याचा तोल ज्या चवड्यावर उभा असतो, तोच आपण काढून घेतो. शाळेत शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावतात, हे आरबीएसकेच्या डॉक्टरांनी मुख्याध्यापकांना लेखी कळवावं.

७. 'हे करू नका' तक्ता

पाहुण्याची वेळ जास्त झाली, पाऊस आला, काहीही झालं तरी हा भाग गाळायचा नाही. बाकीच्यातलं अर्धं विसरलं जाईल. हा तक्ता भिंतीवर राहील.

डीएमडीसाठी:

- भूल देताना स्कोलिन, म्हणजे सक्सामेथोनियम, नाही. पोटॅशियम एकदम वाढून हृदय थांबू शकतं. वासाची भूलही टाळायची, शिरेतून द्यायची. दात काढण्यापासून हर्नियापर्यंत प्रत्येक वेळी भूलतज्ज्ञाला निदान आधी कळलं पाहिजे.
- स्टिरॉइड अचानक बंद नाही. "स्टिरॉइड वाईट असतं" म्हणून गावातले डॉक्टर गोळी सोडायला सांगतात आणि मूल अत्यवस्थ होतं. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन लागतं.
- पाय मोडल्यावर "प्लास्टर घाला, दोन महिने झोपून राहू दे" नाही. चालतं मूल तेवढ्यात कायमचं चालायचं थांबू शकतं. हाडांच्या डॉक्टरांनी लवकर उभं करण्याचा मार्ग शोधायचा.
- व्हीलचेअरवरून पडल्यावर काही तासांत धाप लागली किंवा बरळू लागला तर "घाबरलाय" नाही. चरबीचे कण फुफ्फुसात गेले असू शकतात, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात.
- मोठ्या मुलाला धाप लागल्यावर नुसता ऑक्सिजन लावून निश्चिंत व्हायचं नाही. ऑक्सिमीटरचा आकडा छान दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. श्वासाला यंत्राचा आधार, म्हणजे बायपॅप, लागू शकतो. सकाळी डोकं दुखणं आणि दिवसा पेंग येणं ही आधीची सूचना.
- क्रिएटिनिन कमी आहे म्हणून किडनी उत्तम, असं धरायचं नाही. स्नायूच कमी असतो, त्यामुळे आकडा मुळातच खाली असतो.

मायस्थेनियासाठी:

- जेंटामायसिन, अमिकासिन नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन शक्यतो टाळायचं. शिरेतून मॅग्नेशियम नाही. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाची औषधं) सुरू करण्याआधी तज्ज्ञाला फोन.
- पायरिडोस्टिग्मिनची, म्हणजे मायस्थेनियाची रोजची, गोळी "राउंडनंतर देऊ" नाही. रुग्ण दुसऱ्याच कारणाने भरती असला तरी त्याच्या वेळेलाच. हे सिस्टरांच्या हातात आहे, त्यांनाच सांगा.
- ऑक्सिजन ९८ आहे म्हणून श्वास ठीक, असं नाही. एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावा. मोठा माणूस भरभर मोजूनही विसापर्यंत पोहोचत नसेल तर वेळ घालवू नका. जीबीएसच्या रुग्णालाही हीच परीक्षा.

बर्फाची पिशवी इथे काढा. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवला आणि पापणी वर गेली, तर मायस्थेनियाचा संशय बळावतो. फुकटची चाचणी आहे, आणि एकदा पाहिली की कोणी विसरत नाही.

विल्सनसाठी एकच: एका मुलाचं निदान झालं की भावंडांची तपासणी केल्याशिवाय फाइल बंद नाही. प्रत्येक सख्ख्या भावंडाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि लक्षणं दिसण्याआधीच औषध सुरू झालं तर ती येतच नाहीत.

तक्त्याच्या तळाशी एक ओळ लाल रंगात घाला: स्टेम सेलच्या नावाखाली पैसे भरायचे नाहीत. डीएमडीसारख्या आजारांसाठी असे उपचार मंजूर नाहीत. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते नोंदणीकृत संशोधनाबाहेर देताच येत नाहीत. शेती विकून तिकडे गेलेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्यांना पाठवणारा माणूस बहुतेक वेळा गावातलाच कोणीतरी डॉक्टर असतो. हे सभागृहात स्पष्ट बोला, काहींना झोंबेल.

८. बोलायचं कसं, ते करून दाखवा

डीएमडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, त्यामुळे आई वाहक असू शकते, म्हणजे तिला स्वतःला सहसा त्रास नसतो पण सदोष जनुक तिच्याकडून मुलाला जाऊ शकतं. हे वाक्य सासूसमोर उच्चारलं की पुढे त्या घरात काय होतं, ते इथे बसलेल्या प्रत्येक आशाताईला माहीत असतं. म्हणून दोन गोष्टी पाठ करून घ्या. एक, सुमारे एक तृतीयांश मुलांत बदल नव्याने झालेला असतो, आई वाहक नसतेच. दोन, आईची चाचणी झाल्याशिवाय आणि तिला एकटीला सांगितल्याशिवाय "कोणाकडून आलं" याबद्दल चकार शब्द नाही. विल्सनमध्ये सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून येतं. नात्यातलं लग्न आहे का हे विचारावं लागतं, पण "मामाची मुलगी केलीत ना, मग?" अशा सुरात नव्हे.

भूमिका वाटून हा प्रसंग उभा करा: एक डॉक्टर, एक आई, एक सासू, एक गप्प बसलेला बाप. डॉक्टर झालेल्याने आधी खुर्ची ओढून बसायचं, मग विचारायचं, "ताई, तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?" "काही करता येत नाही" हे वाक्य बंद. डीएमडी पूर्ण बरा करणारं औषध नाही, पण स्टिरॉइडने चालणं लांबतं, हृदयाची औषधं आहेत, श्वासाची यंत्रं आहेत, शाळा चालू ठेवता येते, हे क्रमाने सांगायला लावा.

आणि पुढच्या गरोदरपणाचा विषय त्याच महिन्यात निघाला पाहिजे. थोरल्याचं निदान होईपर्यंत धाकटाही झालेला असतो आणि त्यालाही तोच आजार, ही डीएमडीतली सगळ्यांत टाळता येण्याजोगी गोष्ट आहे. थोरल्याच्या जनुकातला बदल आधी सापडलेला असेल तर गर्भाची तपासणी शक्य होते, आणि ती अकराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. "पीसीपीएनडीटीत (गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्यात) बसतं का?" हा प्रश्न महाराष्ट्रात हमखास येतो. १९९४ च्या त्या कायद्यात जनुकीय आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणीची तरतूद आहे. बंदी लिंगनिवडीला आहे. आशाताईंनी एवढंच करायचं: पाळी चुकली की लगेच जनुकीय समुपदेशनासाठी पाठवायचं, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीची वाट पाहायची नाही.

९. पुढे कुठे पाठवायचं

इथे तुमच्या जिल्ह्याचा नकाशा तुम्हालाच भरावा लागेल. कागदावरचा नको, लोक खरोखर जातात तो. सिंधुदुर्गातला माणूस मुंबईआधी गोव्यात बांबोळीला जातो, आणि दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतल्या काहींना बंगळुरूचं निम्हान्स, म्हणजे मेंदू आणि मज्जाविकारांची मोठी संस्था, सोयीचं पडतं. पहिला थांबा म्हणून जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे मुलांच्या विकारांवर लवकर उपचार करणारं केंद्र, लिहा.

महागड्या उपचारांसाठी केंद्राचं २०२१ चं राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण आहे. त्यातल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक मुंबईचं केईएम रुग्णालय. धोरणात बसणाऱ्या आजारांसाठी ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद २०२२ मध्ये झाली, पण ती केंद्रात नोंद झालेल्या रुग्णालाच आणि केंद्रामार्फतच मिळते. "५० लाख मिळतात" एवढंच ऐकून घरचे तलाठ्याकडे धावतात. असं होऊ नये म्हणून प्रक्रिया सांगा, आकडा नंतर.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) मात्र प्रत्येकाला लागतं. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी स्वतंत्र नोंदवलेली आहे, 'दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार' हाही प्रकार आहे. मंडळातल्या डॉक्टरांना हे दाखवून द्या, कारण सवयीने 'अस्थिव्यंग' लिहिलं जातं. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते. लहान मुलाला आज कमी टक्के मिळाले तर पालकांना सांगून ठेवा की आजार वाढणारा आहे, पुन्हा तपासणी मागता येते.

१०. नंतरचं काम

शेवटी सकाळच्याच तीन गोष्टी पुन्हा सोडवायला द्या. त्या दिवशी सगळ्यांना येतात. खरी परीक्षा तीन महिन्यांनी: तीच पत्रिका फोनवर पाठवा आणि सोबत विचारा, या काळात किती मुलांचं सीपीके सांगितलंत, किती चिठ्ठ्या लिहिल्यात? चिठ्ठी शून्य असेल तर गुण कितीही पडोत, प्रशिक्षण कागदावरच राहिलं.

यासाठी महिन्यातून एक तासाचा ऑनलाइन मेळ ठेवा. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये कावीळ-सी साठी 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. एका बाजूला तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला दूरचे डॉक्टर, आणि बोलणं एका खऱ्या रुग्णाबद्दल. निम्हान्सही ही पद्धत वापरतं. तुमच्याकडे एक न्यूरोलॉजिस्ट आणि झूमचं खातं असलं की जमतं. नियम एकच पाळा: आधी तालुक्याचा डॉक्टर बोलेल, तज्ज्ञ शेवटी. उलट केलंत तर तिसऱ्या महिन्यात फक्त तज्ज्ञच उरतात.

बंधपत्रित, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सेवेवर आलेले, डॉक्टर वर्षभरात बदलतात, आशाताई तिथेच असतात. म्हणून पूर्ण दिवसाचा कार्यक्रम दरवर्षी नको. नवे एमओ रुजू झाले की त्यांच्यासाठी अर्धा दिवस काढा, त्यात लॅब रिपोर्टचं सत्र आणि सातव्या पायरीचा तक्ता एवढंच घ्या, आणि सतरंजीवरचं उठणं त्यांना त्यांच्याच केंद्रातल्या आशाताईंकडून शिकू द्या.